पाटीसमोरचं घर

१

मंगळवारी दुपारी दोन वाजता एकशे सदतीस क्रमांकाची पाटी आपल्या खांबावर होती. चार वाजता खांब होता, पाटी नव्हती.

आता ही पाटी म्हणजे काही खिशात घालून पळवण्यासारखी चीज नव्हे. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, बिडाच्या ओतकामाची, उठावाच्या अक्षरांची. वजन अठरा किलो. दोन ते चार बाजारपेठ बंद असते हे खरं, पण रस्ता काही बंद नसतो. तरी कुणी काही पाहिलं नव्हतं.

बुधवारी सकाळी अकरा वाजता पाट्यांचा तपासनीस जीपमधून उतरला. सगळे त्याला 'पाटीवाले' म्हणत, आणि तोही आताशा फोनवर तसंच नाव सांगे. रस्त्याकडेच्या दोनशे बारा ऐतिहासिक पाट्या त्याच्या ताब्यात होत्या. इथे अमुक लढाई झाली, इथे तमुक विहीर होती, अशा. शुक्रवारी तो निवृत्त होणार होता. निरोपाच्या भाषणात साहेब काय सांगणार हे त्याला तोंडपाठ होतं: तरुणपणी यानं एका उन्हाळ्यात दोनशे बाराच्या दोनशे बारा पाट्या गाडीवाल्यांना वाचता येतील अशा करून दाखवल्या. गेली एकतीस वर्षं प्रत्येक समारंभात हे वाक्य यायचं, आणि प्रत्येक वेळी तो मान खाली घालून सुखावायचा.

निवृत्तीला तीन दिवस उरले असताना पाटी जावी, म्हणजे काठाशी येऊन बुडण्यातला प्रकार. तो वैतागलेलाच होता.

त्यानं खांब पाहिला. खांब रस्त्याच्या कडेला, गटाराला लागून. गटारापलीकडे पदपथ आणि त्यावर बेकरी. खांब म्हणजे वीतभर रुंदीची लोखंडी पट्टीच. रस्त्याकडच्या अंगाला, जिथे पाटी होती तिथे, दोन फूट उंचीचा पट्टा नव्या रंगावाचून राहिला होता. ते ठीकच. पण सवयीनं त्यानं मागच्या, बेकरीकडच्या अंगावरून अंगठा फिरवला आणि थबकला. तिथेही, नेमक्या तेवढ्याच उंचीवर, दोन फूट रंगाचा थर पातळ होता. वर आणि खाली जाड.

याचा अर्थ त्याला लागेना. अर्थ न लागणाऱ्या गोष्टी तो वहीत लिहून ठेवत असे, म्हणून त्यानं ती लिहिली.

मग त्याचं लक्ष भोकांकडे गेलं आणि तो आणखीच बुचकळ्यात पडला. पाटीचे चारही बोल्ट जागेवर होते. चोरानं पाटी काढली होती, बोल्टना तेल लावलं होतं, आणि ते परत खांबात नीट बसवून ठेवले होते.

२

"चोर समोरच राहतो," बेकरीवाला म्हणाला. "चला, दाखवतो."

तपासनीस गटारावरच्या लोखंडी पत्र्यावरून बेकरीत आला. पत्रा पायाखाली खडखडला. पायरीशी एक जुनी, कडेला शेवाळ धरलेली फळी भिंतीला टेकून उभी होती.

"आधी आत तर बसू दे," तो म्हणाला.

बेकरीवाला चाळिशीतला, पिठानं भुवया पांढऱ्या झालेला. त्याची आई गल्ल्यामागे स्टुलावर बसून बनपाव कागदात गुंडाळत होती. सत्तरीची बाई, हात थरथरते, पण एकही पुडा सुटत नव्हता. सगळी बाजारपेठ तिला मावशी म्हणे.

बेकरीवाल्यानं एका दमात सगळं सांगितलं. रस्ता रुंद होणार. बारा फूट, पण एकाच बाजूनं. ऐतिहासिक घर ज्या बाजूला, त्या बाजूला हात लावायचा नाही असा नियम. ऐतिहासिक घर म्हणजे ही बेकरी. उद्या दहाला समिती येणार, पाटी डोळ्यांनी बघणार, सही करणार, आणि समोरची बाजू पडणार. समोरच्या बाजूला घर एकच, घड्याळजीचं.

"पाटीच नसली तर?" तपासनीसानं विचारलं.

"तर समिती म्हणते तुमचा अहवाल हवा. जुन्या नोंदवहीसकट. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. आता तुम्हीच सांगा, पाटी गेली तर फायदा कुणाचा?"

तपासनीसानं नोंदवही सोबत आणलीच होती. पाटी नव्यानं ओतायची तर मजकूर हवा. त्यानं एकशे सदतीसचं पान काढून वाचलं. खरं सांगायचं तर हा मजकूर तो जन्मात पहिल्यांदाच नीट वाचत होता. त्याचं काम बोल्ट, गंज आणि रंग यांचं.

'महापुराच्या वर्षी या पाटीसमोरच्या घरात येथील सुईणीने तीन दिवसांत नऊ बालकांना सुखरूप जगात आणले.'

"आमचंच घर," बेकरीवाला अभिमानानं म्हणाला. "लोक लांबून येतात बघायला. बाळंतिणीसाठी इथलाच पाव नेतात."

"आई, तुम्हाला काय वाटतं?" तपासनीसानं म्हातारीला विचारलं. "कुणी नेली असेल?"

मावशीनं पुड्याला गाठ मारली. "नेली कुठं म्हणताय? नाहीशी झाली म्हणा," ती म्हणाली आणि दुसरा कागद ओढला.

बेकरीवाल्यानं कपाळाला हात लावला. "तिचं मनावर घेऊ नका हो. वय झालंय."

३

घड्याळजीचं घर दुमजली, अरुंद. खाली दुकान, वर राहणं. वरच्या खिडकीच्या चौकटीबाहेर लोखंडाचा एक जाड आकडा होता, त्याला आता दूरध्वनीची तार अडकवलेली.

घड्याळजी डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळात बुडाला होता. वर न बघताच म्हणाला, "या. मीच चोर, असं सांगून पाठवलं असेल."

"बोल्टना तेल लावलंय," तपासनीस म्हणाला. "तेलाचं काम तुमचं."

घड्याळजीनं भिंग काढलं आणि एक बाटली पुढं केली. करंगळीच्या पेराएवढी. "हे माझं तेल. सुईच्या टोकावर मावेल एवढं लावतो. तुमचे चार बोल्ट भिजवायचे तर माझं वर्षाचं तेल संपेल."

तपासनीसानं आपला अंगठा नाकाशी नेला. बोल्टचं तेल अजून त्यावर होतं. वास यंत्राचा नव्हता, कसलासा गोडसर, भूक लागावी असा होता. त्याला खरंच भूक लागली आणि स्वतःचाच राग आला.

"पण घर तुमचंच पडणार आहे."

"पडणार आहे." घड्याळजीनं आजूबाजूला पाहिलं. भिंतभर घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. "वीस वर्षांपूर्वी घेतलं. बायको वरच्या खोलीत गेली, त्या खिडकीशी. तिची खाट अजून तिथेच आहे. मी दुसरीकडे राहू शकेन की नाही, मला माहीत नाही. पण पाटी पळवून काय मिळणार मला? दोन दिवसांची मुदत. तुम्ही नवी बसवालच."

हे बिनतोड होतं. तपासनीसानं वहीत 'घड्याळजी' लिहून त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं, ते खोडावं की राहू द्यावं हे त्याला ठरवता येईना.

निघताना घड्याळजी म्हणाला, "मास्तरांना विचारलंत? त्या पाटीवर त्यांच्याएवढा राग कुणाचा नाही."

४

मास्तर शाळेच्या रिकाम्या वर्गात नकाशे गुंडाळत होते. पाटीचं नाव काढताच त्यांनी खिशातून एक घडी काढली, जणू कित्येक वर्षं कुणीतरी विचारायची वाटच बघत होते.

"सहा पत्रं," ते म्हणाले. "सहा पत्रं लिहिली तुमच्या कार्यालयाला. एकालाही उत्तर नाही. पाटीवर नऊ बाळं म्हणता. मी घरोघर फिरून, जन्माच्या नोंदी काढून यादी केली. आठ. आठच्या वर एक नाव मिळत नाही. चुकीचा आकडा पोरांना शिकवायचा कसा?"

"म्हणून काढलीत?"

"मी?" मास्तर हसले. "माझी पाठ बघा. नकाशा उचलताना उसण भरते."

तपासनीसानं सुईणीची हकिकत विचारली आणि मास्तर खुलले. पाणी चढलं तेव्हा होडीवाले बायकांना सुईणीकडे आणत. घर चुकू नये म्हणून ती वरच्या खिडकीत कंदील टांगत असे. तीन दिवस तो कंदील विझला नाही.

"वरच्या खिडकीत?" तपासनीस म्हणाला. "बेकरीला वर तर नुसतं छप्पर आहे."

"मजला नंतर पडला असणार."

"असणार म्हणजे? नोंद आहे?"

"नोंद कशाला हवी?" मास्तर किंचित चिडले. "पाटीसमोर बेकरी आहे. म्हणजे तेच घर. आणि खिडकी वरची होती. म्हणजे वर मजला होता. साधा तर्क आहे."

तर्क साधा होता खरा, पण तो तपासनीसाच्या गळी उतरेना. तो शाळेबाहेर आला तेव्हा त्याच्या वहीत सात ओळी होत्या आणि एकीचा दुसरीशी मेळ नव्हता. पातळ रंग. परत बसवलेले बोल्ट. गोड वासाचं तेल. आठ बाळं की नऊ. नसलेला मजला. 'नाहीशी झाली म्हणा.' आणि अठरा किलो बीड, जे भर दुपारी हवेत विरघळलं.

डोकं चालेनासं झालं की तो बसून घेत असे. बेकरीच्या पायरीवर सावली होती.

५

चार वाजले होते. बेकरीवाला आत भट्टीशी होता. मावशी बादली घेऊन बाहेर आली आणि तपासनीसाला म्हणाली, "पाय वर घ्या, पायरी धुते."

त्यानं पाय वर घेतले. तिनं पाणी ओतलं. पाणी पायरीवरून घरंगळलं, गटारावरच्या लोखंडी पत्र्यावर पसरलं, आणि कडेवरून सांडण्याऐवजी मधोमध चार भोवरे झाले. चार बारीक धारा खाली गटारात पडू लागल्या.

तपासनीस बघत राहिला. मधोमध, वीतभर रुंदीत, चार भोकं. लांबी तीन फूट. रुंदी दोन फूट. सकाळपासून तो या पत्र्यावर तीनदा पाय देऊन गेला होता. बेकरीवाला त्यावर उभा राहून चोराला शिव्या घालत होता.

त्यानं गुडघे टेकले, कडेखाली बोटं घातली आणि खालच्या अंगाला चाचपलं. बोटांना उठावाची अक्षरं लागली. अक्षरांवर टेकली होती म्हणूनच पाटी खडखडत होती.

भिंतीला टेकलेली शेवाळलेली फळी त्याला आता दिसली, म्हणजे सकाळी दिसली होती ती आता कळली. वर्षानुवर्षं गटारावर ती फळी होती. तिला हलवून तिथे पाटी पालथी घालायला पिठाची हातगाडी पुरे. गाडी खांबाला लावायची, बोल्ट सोडवायचे, पाटी गाडीवर टेकवायची आणि हातभर अंतरावर सरकवायची. उचलायला कुठे लागतंच नाही. बोल्ट गंजलेले, म्हणून पाव फुगवायच्या साच्यांना लावतात ते तेल. आणि बोल्ट परत बसवलेले, कारण नेणाऱ्याला पाटी परत लागायला हवी होती.

त्यानं वर पाहिलं. मावशी रिकामी बादली हातात धरून उभी होती.

"बराच वेळ लावलात," ती म्हणाली.

६

"पण का?" तपासनीस म्हणाला. त्याला काहीच कळत नव्हतं. "तुमचंच घर वाचत होतं की."

"माझं घर वाचत होतं. तेच तर." ती त्याच्याशेजारी पायरीवर टेकली. "मला सांगा, तुम्ही आत्ता जिथं बसलात तिथनं पाटी वाचता येते का?"

"कशी येईल? पाटीचं तोंड रस्त्याकडे. इथून पाठ दिसते."

"मी पंचवीस वर्षांची होते तेव्हा ती पाटी बसली. रोज दुपारी या पायरीवर बसून मी ती वाचायचे. इथनंच."

तपासनीसाच्या अंगठ्याला तो पातळ रंग आठवला. खांबाच्या मागच्या अंगावरचा, दोन फूट उंचीचा.

"तेव्हा लोक चालत जायचे," मावशी सांगत होती. "पाटीचं तोंड पदपथाकडे होतं. उभं राहून वाचायचं आणि मान वर करायची. पाटीसमोरच्या घरात, असं लिहिलंय ना? तर समोर दिसायचं ते." तिनं बोट केलं. रस्त्यापलीकडे घड्याळजीचं घर होतं, वरच्या खिडकीबाहेर लोखंडी आकडा. "कंदिलाचा आकडा आहे तो. मग एके दिवशी तुमचे लोक आले आणि पाटी फिरवून गेले. रस्त्यावरून वाचली की समोर आम्ही."

"आणि तुम्ही गप्प राहिलात?"

"गिऱ्हाईक वाढलं. यांना आनंद झाला. पहिल्या वर्षी हे हसायचे, दुसऱ्या वर्षी पाहुण्यांना सांगायला लागले, पाचव्या वर्षी यांना स्वतःलाच खरं वाटायला लागलं. जुनी माणसंही म्हणायची, पाटीवर आहे म्हणजे आपलंच काहीतरी चुकत असेल." तिनं ओले हात पदराला पुसले. "मास्तर दारी आले होते यादी घेऊन. आठ मिळाली म्हणाले. नववं नाव सांगितलं असतं तर कुठल्या घरात जन्म झाला तेही सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, मला काही ठाऊक नाही."

"नववं कोण?"

मावशीनं बादली खाली ठेवली आणि समोरच्या खिडकीकडे पाहिलं. 

"माझ्या आईला होडीतनं त्या खिडकीत चढवलं होतं," ती म्हणाली. "तो आकडा धरून ती आत गेली. संध्याकाळी मी झाले. एकतीस वर्षं मी माझ्या जन्माच्या घराचं नाव खाल्लं, आणि आता माझ्या दुकानापायी ते घर पाडायचं? मुलाला सांगून पाहिलं. तो म्हणाला, आई, तुला नीट आठवत नाही. पत्र लिहिलं असतं, तर मास्तरांच्या सहा पत्रांचं काय झालं ते माहीत आहे. पाटी नाहीशी झाली आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी नोंदवही घेऊन हजर. बघा त्यात. फिरवल्याचं लिहिलं असेल."

तपासनीसानं नोंदवही उघडली. मजकुराच्या पानामागे दुरुस्त्यांचं पान होतं. रंग, रंग, बोल्ट, रंग. आणि मध्ये एक ओळ, एकतीस वर्षांपूर्वीची, मोठ्या झोकदार अक्षरात: 'दिशा बदलली. पदपथाऐवजी रस्त्याकडे.' खाली सही.

सही त्याची होती. त्या वयात तो सहीखाली एक ऐटदार रेघ ओढायचा.

७

त्याच्या पाठीशी पावाचा ट्रे आदळल्याचा आवाज झाला. बेकरीवाला दारात उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"आई," तो म्हणाला, "दुकान आपलं जाईल."

"आपलं आहे ना?" मावशी म्हणाली. "मग ते आपणच द्यायचं. भट्टी मागं आहे. ती राहील."

बेकरीवाला तपासनीसाकडे बघू लागला, आणि तपासनीसाला कळलं की आता चेंडू आपल्याकडे आहे. पाटी होती तशी रस्त्याकडे तोंड करून बसवायची, 'मूळ जागी बसवली' असं लिहायचं, आणि शुक्रवारी हार गळ्यात घालून घ्यायचा. म्हातारीचं कोण ऐकणार होतं? तिचा मुलगासुद्धा ऐकत नव्हता. त्याच्या मनात हे आलं नाही असं नाही. आलं, आणि बराच वेळ बसलं.

"मी कुणाला काही सांगणार नाही," मावशी म्हणाली. "तुमची वही, तुमची सही."

तिनं पदराच्या गाठीतून भट्टीच्या दाराचा पाना काढून पायरीवर ठेवला.

पाटी अठरा किलोची होती आणि तपासनीस अठ्ठावन्न वर्षांचा. तिला सुलटी करून उचलताना त्याच्या कमरेत चमक आली. दुसरी बाजू कुणीतरी धरली. बेकरीवाला होता. त्याचा चेहरा दगडासारखा होता, पण त्यानं पाटी खांबाच्या मागच्या अंगाला, पातळ रंगाच्या पट्ट्यावर, बरोबर टेकवून धरली. मावशीनं एकेक बोल्ट हातात दिला. चौथा आवळून झाल्यावर तिघंही पायरीवर उभे राहिले, आणि बेकरीवाल्यानं पाटी वाचून मान वर केली. समोरच्या खिडकीत घड्याळजी भिंग कपाळावर चढवून त्यांच्याकडे बघत होता.

"लहानपणी मला वाटायचं," बेकरीवाला हळू म्हणाला, "तो आकडा कशाला असेल."

तपासनीसानं नोंदवहीत जुन्या ओळीखाली लिहिलं: 'पाटी मूळ दिशेला फिरवली. आधीची चूक माझी.' सही केली. खाली रेघ ओढली नाही.

गुरुवारी दहाला समिती आली. रस्त्यावर उभी राहिली आणि पाटीची पाठ बघून गोंधळली. मग तिला गटार ओलांडून पायरीवर यावं लागलं, जुन्या फळीवरून. तिनं वाचलं, मान वर केली, नोंदवही पाहिली आणि अर्ध्या तासानं सही केली. बेकरीचं दुकान बारा फूट आत जाणार हे ठरलं. घड्याळजी रस्ता ओलांडून आला. त्यानं मावशीचं मनगट धरून तिचं बंद पडलेलं घड्याळ सोडवून घेतलं आणि दुरुस्तीला नेलं. मास्तर यादी घेऊन आले आणि नववं नाव त्यांनी मावशीकडून तपासून घेत लिहिलं.

तपासनीस जीपकडे निघाला तेव्हा मावशीनं हाक मारली.

"अहो पाटीवाले. त्या उन्हाळ्यात ही एकच फिरवलीत की आणखी?"

"दोनशे बारा," तो म्हणाला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच हे सांगताना त्याला सुख झालं नाही.

"बाकीच्यांवर काय लिहिलंय?"

त्याला माहीत नव्हतं. जीपमध्ये बसून त्यानं नोंदवहीचं पहिलं पान उघडलं. पहिल्या पाटीवर 'येथे' होतं. जीव भांड्यात पडला. दुसऱ्या पाटीवर लिहिलं होतं, 'वाचणाऱ्याच्या डाव्या हाताला शंभर पावलांवर'. तिसरीवर, 'मागील टेकडीवर'. चौथी त्यानं वाचली नाही. त्यानं कार्यालयात फोन लावला आणि साहेबांना सांगितलं की शुक्रवारचा समारंभ जरा पुढं ढकला.

"किती पुढं?" साहेब म्हणाले. "हार सांगून ठेवलेत."

"दोनशे अकरा पाट्या आहेत," तो म्हणाला, आणि चालकाला गाडी पहिल्या पाटीकडे घ्यायला सांगितली.